बालवीरांची पथके आणि पालकांचे कर्तव्य

सातारा-सांगलीच्या शाळांतून बालवीरांची पथके निघतात; परंतु गाठी, प्रथमोपचार, शिबिर या साऱ्यांचा भार एकट्या शिक्षकावर पडतो. त्याची बदली झाली की पथक मोडते. दोष कोणाचा? पालकांचा, आणि त्यांस दूर ठेवणाऱ्या आम्हां मास्तरांचाही.

‘आम्ही अडाणी, काय शिकविणार?’ असे शेतकरी बंधू म्हणतात. रोज दावे बांधणाऱ्या हातास गाठ शिकविता येत नाही काय? कृष्णेतला नावाडी, पेन्शनीवर आलेला शिपाई, गावची नर्सबाई यांची विद्या ती विद्या नव्हे काय? २०१९ च्या महापुरात असलेच हात कामी आले.

१९०९ साली ही चळवळ या देशात आली, तेव्हा हिंदी मुलांस तीत प्रवेश नव्हता. आज दार सर्वांस उघडे आहे. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढून सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसविली. त्यांच्या भाकरीसाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडले. पालक बंधुभगिनींनो, तुमच्याकडे आम्ही दागिना मागत नाही. आठवड्याची एक सांज द्या, स्काउटमास्टरचे रीतसर शिक्षण घ्या, आणि शिबिरात सर्व मुलांस एकाच चुलीवरचे वाढा. तेवढ्याने पथक गावाचे होईल. मग मास्तर बदलला तरी ते मोडणार नाही.