बुलेटची जाळी काढताय? मागे कोण बसतं ते बघा

नवी बुलेट आली की हिंगोलीतली पोरं पहिल्याच रविवारी अंगणात पाने घेऊन बसतात. सगळ्यात आधी निघते मागच्या चाकाची जाळी, म्हणजे साडी गार्ड. म्हणे तिच्यानं लुक जातो. जाऊ द्या की! त्याच सीटवर एका बाजूला पाय सोडून तुमची आई औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जाते. पदर आऱ्यांत अडकला की ती रस्त्यावर फेकली जाते. गळ्यातली ओढणी अडकली तर चाकाच्या एक-दोन फेऱ्यांत फास बसतो, श्वासनलिका चिरडते, मानेचा मणकाही मोडू शकतो. मागचं चाक किमान निम्मं झाकलेलं हवं, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 123 वा नियम सांगतो, तो याचसाठी.

मग नंबर इंदोरी सायलेन्सरचा. आवाज 10 डेसिबल वाढला की ध्वनीची ऊर्जा दहापट होते, आणि आतल्या कानातल्या मेलेल्या केसपेशी पुन्हा उगवत नाहीत. गल्लीतल्या तान्ह्या बाळानं काय घोडं मारलंय तुमचं?

हौस करा, कोण नको म्हणतं? सीट मऊ करा, बॅगा लावा. पण जाळी भंगारात गेली नसेल तर आजच परत बसवा. तोवर मागे बसणारीनं ओढणी गळ्यात न ठेवता कमरेला घट्ट बांधावी. तरी अडकलीच, तर ओढाताण करू नका, चाक उलटं फिरवत बसू नका. इंजिन बंद करा, ओढणी कात्रीनं कापा, मान न हलवता तिला आडवं ठेवा आणि 108 ला फोन लावा.