मोडण्याआधी वाचावी अशी सडक

मोटारसडक म्हणजे बैलगाडीच्या वाटेला रबरी चाकासाठी दिलेला नवा घाट. मराठवाड्यात हा घाट विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, हैदराबाद संस्थानाच्या अमलात घडला. त्याच्या अभ्यासाला निलंगा तालुका विशेष सोयीचा आहे, कारण तिथे आगगाडी पोहोचलीच नाही. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद लोहवाट १९११ मध्ये लातूरला आली आणि तिथेच थांबली. विकाराबाद-परळी मार्ग बिदर, भालकी, उदगीरवरून गेला. या दोन लोहमार्गांच्या बेचक्यात सापडलेल्या निलंग्याचा माल, टपाल, कचेरीचे कागद आणि आजारी माणसे या सगळ्यांचा भार सडकेवर पडला. अशा सडकेच्या दगडी मोऱ्या, फरशी पूल, मैलाचे दगड, बाजूच्या झाडांच्या रांगा आणि सोडून दिलेली वळणे हे तिचे अवशेष होत. ते जपावेत आणि अभ्यासावेत असे म्हटले, की पाच आक्षेप हमखास पुढे येतात. त्यांतला एकही अगदी पोकळ नाही. म्हणूनच प्रत्येकाचा वेगळा विचार करावा लागतो.

पहिला आक्षेप असा : रस्ता ही वापरण्याची वस्तू आहे, स्मारक नव्हे; झिजली की बदलायची. महाराष्ट्राने स्वतःच हा आक्षेप कधीचा मोडीत काढला आहे. नाणेघाट हा मुळात एक रस्ता आहे. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखवला जातो, आणि तिथल्या लेण्यातला सातवाहन राणी नागनिकेचा लेख प्राचीन महाराष्ट्राच्या इतिहासाचे पहिल्या प्रतीचे साधन मानला जातो. उत्तरेत मोगल काळातले कोस मिनार, म्हणजे अंतर दाखवणारे मनोरे, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. कोसाचा मनोरा स्मारक ठरत असेल, तर मैलाचा दगड जातीने वेगळा ठरत नाही. फरक फक्त वयाचा आणि उंचीचा.

निलंग्याच्या परिसरात तर या आक्षेपाची विसंगती अधिकच उघडी पडते. तेरणेकाठचे तेर म्हणजे प्राचीन तगर. तगर आणि पैठणचा माल गाड्यांतून भडोचकडे जाई, ही ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथातली नोंद मराठवाड्याच्या प्राचीन वैभवाचा पुरावा म्हणून नेहमी दिली जाते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या गाडीवाटेचा हातभर तुकडाही दाखवता येत नाही, तरी तिचा अभिमान आहे. शंभरेक वर्षांपूर्वीच्या सडकेची मोरी समोर उभी असताना मात्र ती अडचण वाटते. हा विचार इतिहासाचा नसून दुरून डोंगर साजरे दिसण्याचा आहे.

दुसरा आक्षेप वयाचा. निलंग्यात नीलकंठेश्वराचे हेमाडपंती मंदिर आहे, जवळच खरोशाची लेणी, औशाचा आणि उदगीरचा किल्ला आहे. एवढे असताना कालपरवाच्या डांबरी वाटेला कोण विचारतो? येथे दोन गोष्टींची गल्लत होते. मंदिर आणि सडक एकमेकांच्या जागेवर दावा सांगत नाहीत. त्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. मंदिरावरून मध्ययुगीन शिल्प आणि श्रद्धा समजते. तालुक्याच्या गावापासून बाजारपेठ किती तासांवर आली, कापूस आणि तेलबिया कोणत्या दिशेला गेल्या, साथीच्या वेळी डॉक्टर कुठून येई, हे सडक सांगते.

शिवाय हा काळ कालपरवाचाही राहिलेला नाही. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालची रस्तेविकास समिती १९२७ मध्ये नेमली गेली आणि तिचा अहवाल १९२८ मध्ये आला. रस्त्यांचा भार स्थानिक संस्थांना पेलण्यापलीकडे गेला आहे, हे त्या समितीने मांडले. त्यातून १९२९ मध्ये पेट्रोलवरील कराचा केंद्रीय रस्तेनिधी आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. हैदराबाद संस्थानात निजाम स्टेट रेल्वेने १९३२ मध्ये आपला मोटारवाहतूक विभाग काढला. २७ बस आणि १६६ कर्मचारी एवढ्यावर त्याची सुरुवात झाली. मुंबई राज्याची पहिली एसटी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली ती १ जून १९४८ रोजी. म्हणजे सरकारी बस या कल्पनेत संस्थानी मुलूख इंग्रजी मुलखाच्या सोळा वर्षे पुढे होता. मराठवाडा कायम मागासच होता, या सरधोपट समजुतीला छेद देणारी ही बाब आहे.

कायद्याचा पेचही इथेच आहे. १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार प्राचीन स्मारक ठरायला किमान शंभर वर्षांचे वय लागते. १९३२ साली बस धावू लागल्या, त्या काळात बांधलेल्या मोऱ्या २०३२ नंतर या व्याख्येत बसतील. पण रुंदीकरणाची यंत्रे शंभरी भरण्याची वाट पाहत नाहीत. कायद्याचे कवच मिळण्याआधीची शेवटची काही वर्षे सर्वांत धोक्याची असतात, आणि संशोधनाची निकडही त्याच वर्षांत असते. अमेरिकेत केवळ मोटारींसाठी म्हणून १९०८ मध्ये खुला झालेला लाँग आयलंड मोटर पार्कवे १९३८ मध्ये बंद पडला. त्याचा एक तुकडा सायकलवाट म्हणून वापरात राहिला आणि २००२ मध्ये तेथील ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत गेला. वापर टिकला म्हणून अवशेष टिकला, हा त्यातला धडा आहे.

तिसरा आक्षेप भावनेचा आणि म्हणून नाजूक. ही सडक हैदराबादच्या निजामाची. रझाकारांचा जाच सोसलेल्या मुलखाने तिचे कौतुक का करावे? जतन म्हणजे कौतुक, हे समीकरणच चुकीचे आहे. संस्थानी सडकांवरून वसुली आणि पोलीस जितके वेगाने फिरले, तितक्याच वेगाने वर्तमानपत्रे, पत्रके आणि कार्यकर्ते फिरले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौज सोलापूरकडून हैदराबादच्या सडकेने आत शिरली, तेव्हा पहिल्याच दिवशी नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती येणे तिला महत्त्वाचे वाटले. नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद अशी ती वाट निलंगा तालुक्याच्या दक्षिणेला आहे. मुक्तिसंग्रामाचा अखेरचा टप्पा याच संस्थानी सडकेवर घडला. ती सडक पुसली, तर मुक्तिसंग्रामाच्या भूगोलातली एक रेघ पुसली जाते.

बांधणारे हात कोणाचे होते, हेही विसरता येत नाही. हुकूम हैदराबादचा असला तरी दगड फोडला तो वडारांनी, खडी पसरली ती मजुरांनी आणि दर मैलाची डागडुजी राखली ती मैलकुलींनी. राजांच्या नावाचे शिलालेख असतात. या माणसांच्या कामाचा लेख म्हणजे ती मोरीच. ती पाडल्याने निजामाचे काही जात नाही, जाते ते यांचे.

राजवट बदलल्याची सर्वांत स्पष्ट खूणही सडकेवरच मिळते. निलंगा तालुका १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तालुके उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले, आणि १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा झाला. जिल्ह्याचे ठिकाण आग्नेयेकडून पश्चिमेला आणि मग उत्तरेला सरकले. कालची मुख्य सडक दुय्यम झाली, दुय्यम वाट महामार्ग झाली. मैलाच्या दगडावर अंतर कुठपासून मोजले आहे आणि कोणत्या लिपीत कोरले आहे, एवढे पाहिले तरी त्या काळी गावाचे तोंड कोणत्या राजधानीकडे होते हे कळते. पुढे मैल जाऊन किलोमीटर आले, तेव्हा असे दगड नव्या रंगाखाली गेले किंवा उपटले गेले. औराद शहाजानीकडच्या कर्नाटक सीमाभागात तर हा अभ्यास भाषिक राज्यांच्या इतिहासाचाच एक अध्याय ठरतो.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार आहे : जुने पूल जीव घेतात. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ चा दगडी कमानींचा पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी बससह वाहने वाहून गेली. लातूर जिल्ह्याला दगडी बांधकामाची भीती वेगळ्या कारणानेही आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडी घरांखालीच हजारो माणसे गेली, आणि निलंगा तालुक्यातल्या गावांनीही तो घाव सोसला.

ही भीती खरी आहे, पण तिच्यातून काढलेला निष्कर्ष खरा नाही. किल्लारी परिसरात पडली ती मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांची, डोक्यावर माळवदाचे जड ओझे असलेली घरे. घडीव दगडाची चुन्यात बांधलेली कमान ही रचना त्याहून वेगळी आहे. ती मजबूत की कमकुवत, हे जातीवरून नव्हे, तपासणीवरून ठरते. सावित्रीचा पूल तर महामार्गाची पूर्ण वाहतूक आणि नदीचा पूर्ण पूर एकाच वेळी झेलत होता. जुन्या पुलावर आजचा भार टाकू नये, हा त्या दुर्घटनेचा धडा आहे. तो पाळायचा तर जड वाहतूक नव्या पुलावर न्यावी लागते, आणि ती गेली की जुना पूल पाडण्याचे कारणच बहुतेक ठिकाणी उरत नाही. पायवाट, शेतवाट किंवा सायकलवाट म्हणून तो पेलेल की नाही, हे अभियंत्याने तपासून सांगावे. जिथे तो नदीचे पाणी अडवून गावात पूर घालतो, तिथे तो जावा. मात्र त्याचे मोजमाप आधी घेतलेले असावे.

पाचवा आक्षेप पैशाचा आणि विकासाचा. दुष्काळी मुलखाला रुंद रस्ते हवेत. जतनाच्या नावाने ते अडवू नयेत. यातला पहिला अर्धा निर्विवाद आहे. दुसऱ्या अर्ध्यात मात्र असे गृहीत धरले आहे, की जुनी आणि नवी सडक एकाच जागेसाठी भांडतात. प्रत्यक्षात नवा महामार्ग वळणे सरळ करतो, गावाला वळसा घालतो, ओढ्यावर उंच पूल टाकतो. या प्रत्येक ठिकाणी जुन्या सडकेचा तुकडा बाजूला पडतो : धनुष्यासारखे एखादे वळण, त्यातली मोरी, दोन्ही अंगांचे वड-चिंच-कडुलिंब. म्हणजे विकासच अवशेष निर्माण करतो. ती जमीन सरकारीच असते. ती भंगार, राडारोडा आणि अतिक्रमणासाठी सोडायची की जुनी सडक म्हणून राखायची, एवढाच प्रश्न असतो. आणि राखण्याचा खर्च रुंदीकरणाच्या अंदाजपत्रकात शोधूनही दिसणार नाही इतका असतो.

आक्षेपांचा निरास झाल्यावर कामाची रीत सांगणे प्राप्त होते. पहिले काम कागदाचे. हैदराबाद संस्थानाची दप्तरे तेलंगणाच्या राज्य अभिलेखागारात आहेत; संस्थानाचे वार्षिक प्रशासन अहवाल छापील आहेत. भारतीय सर्वेक्षण विभागाचे मैलाला एक इंच या प्रमाणाचे जुने नकाशे सर्वांत उपयोगी. निलंगा ५६ बी या अंशपत्रात येते. त्या नकाशावरची सडक आजच्या उपग्रहचित्रावर ठेवली, की दोन्ही रेषा जिथे फाटतात तिथे अवशेष शोधायचा. उर्दू दप्तर वाचणाऱ्यांची या कामात फार गरज पडते. सडकेचा इतिहास मराठीत लिहायचा असला तरी त्याची अर्धी किल्ली उर्दूत आहे.

दुसरे काम जमिनीवरचे. सडकेचा आडवा छेद हे तिचे जन्मटिपण असते. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते; म्हणून या मुलखात तळाशी मोठ्या दगडांचे सोलिंग, त्यावर हाताने फोडलेली खडी आणि सांध्यांत मुरूम असे थर लागतात. बैलगाडीची लोखंडी धाव खडी चुरडते, पण तीच भुकटी फटीत दाबतेही. मोटारीचे रबरी चाक उलट ती भुकटी शोषून उडवते आणि खडी मोकळी करते. धुळीचा लोट आणि उखडलेली सडक यांवर डांबराचा पातळ थर हा उपाय आला. त्यामुळे मुरमी खडीवर पहिले डांबर कुठे बसले, हे छेदात दिसते तेव्हा गाडीवाट मोटारसडक झाल्याचा क्षणच हाती लागतो. खडी बेसॉल्टची की खरोसा-बिदरकडच्या जांभ्या दगडाची, यावरून खाण कळते; मोरीच्या सांध्यात चुना की सिमेंट, यावरून काळाचा अंदाज येतो; आणि झाडांची रांग रस्ता हरवला तरी त्याची दिशा सांगते. रस्ता उकरलाच जाणार असतो, तेव्हा हा छेद फुकट मिळतो. गरज असते ती त्या दिवशी मोजपट्टी आणि कॅमेरा घेऊन उभे राहण्याची.

तिसरे काम तोंडी साक्षींचे. मैलकुलींची घरे, जुने चालक-वाहक, बाजारकरी, सडकेच्या कामावर गेलेल्या बायका यांच्या आठवणीत थांब्यांची, पुराच्या पाण्याने अडलेल्या गाड्यांची आणि वाटेतल्या विहिरींची जी नावे आहेत, ती नकाशावर नसतात. हे काम नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या महाविद्यालयांतल्या इतिहास आणि भूगोल विभागांना सहज उचलता येण्यासारखे आहे.

शेवटी जतनाचा क्रम. जे वाहतुकीच्या आड येत नाही ते जागेवर राखावे : मोऱ्या, सुटलेली वळणे, झाडे. मैलाचा दगड शक्यतो आपल्या मैलावरच राहावा, कारण जागेवरून हलला की तो अंतर सांगणे थांबवतो. हलवावाच लागला तर मूळ जागेची नोंद दगडाबरोबर जावी. आणि जे पाडणे अटळ आहे त्याचे मोजमाप, छायाचित्रे आणि बांधकामसाहित्याचे नमुने आधी घ्यावेत. एप्रिल २०२० मध्ये खंडाळ्याच्या घाटातला १८३० चा अमृतांजन पूल द्रुतगती मार्गाच्या आड येतो म्हणून स्फोटाने पाडण्यात आला. तिथे वाहतुकीची अडचण खरी होती, आणि त्या पुलाचे नाव तरी सर्वतोमुखी होते. निलंग्याच्या ओढ्यावरच्या मोरीला नाव नसते. म्हणून तिच्यासाठी नियम हवा : रुंदीकरणाच्या निविदेत एक कलम असावे, की पन्नास वर्षांहून जुन्या प्रत्येक मोरीची, पुलाची आणि अंतरदगडाची नोंद सार्वजनिक बांधकाम विभागाकडे जमा झाल्याशिवाय त्यांना हात लावू नये.