जुने रीळ की नवे?

मृगाच्या तोंडावर कोठीच्या आमच्या घराचा माळा आवरावयास काढला, तेव्हा एका पत्र्याच्या पेटीत अण्णांची मासे धरण्याची दोन रिळे सापडली. पेटी उघडताच ग्रीसचा जुनाट वास आला आणि पन्नास वर्षांपूर्वीचा उस्मानसागरचा काठ डोळ्यांसमोर उभा राहिला. सुट्टीच्या दिवशी अण्णा आम्हां भावंडांपैकी एकाला बरोबर घेत आणि ऊन चढेपर्यंत पाण्यात गळ टाकून निमूट बसत. १९०८ साली मुसी नदीला महापूर आला, त्यानंतर शहराच्या रक्षणासाठी हा तलाव झाला आणि १९२० मध्ये तो पुरा झाला, ही हकीकत तेथेच त्यांच्या तोंडून ऐकलेली.

माझा पुतण्या शेजारीच उभा होता. त्यालाही अलीकडे या छंदाची गोडी लागली आहे. तो म्हणाला, "काका, ही भंगारात द्या. दुरुस्तीच्या पैशांत नवे येईल." त्याचे वडील, म्हणजे माझे धाकटे बंधू, एकदम कडाडले, "अण्णांच्या हातची वस्तू भंगारात? कितीही खर्च येवो, ती दुरुस्तच होईल." घरात दोन तट पडले. मला मात्र दोघांचेही म्हणणे पुरते पटेना. कारण यंत्र उघडून पाहण्यापूर्वीच दोघांनी निकाल देऊन टाकला होता.

ज्यांना हे यंत्र परिचित नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. इंग्लंडमधील इलिंगवर्थ नावाच्या गृहस्थाने १९०५ साली ज्या रिळाचे पेटंट घेतले, त्याच जातीची ही रिळे. यात दोरीची गुंडी स्थिर राहते. मूठ फिरविली की आतील दातेरी चाके फिरतात आणि त्यांच्या जोरावर एक तारेची कडी गुंडीभोवती दोरी गुंडाळीत जाते. मासा जोराने ओढू लागला की दोरी तुटू नये म्हणून ती बेताने सोडणाऱ्या चकत्या असतात. त्या जोडणीला ड्रॅग म्हणतात. साऱ्या यंत्राचा भार दातेरी चाकांवर आणि दांड्यावर. बाकीचे भाग हे त्यांचे सोबती.

सुलतान बाजारात घड्याळे दुरुस्त करणारे एक वृद्ध कारागीर आहेत. दोन्ही रिळे घेऊन आम्ही तिघे त्यांच्याकडे गेलो. त्यांनी लहान रीळ उघडले. ग्रीस मेणासारखे घट्ट झाले होते, ड्रॅगच्या नमद्याच्या चकत्या वाळून कडक झाल्या होत्या, कडीची स्प्रिंग मऊ पडली होती आणि दोरी ज्यावरून सरकते त्या गुळगुळीत भागावर खाच पडली होती. परंतु चाकांवर भिंग धरून ते हसले, "दाते घिसे नहीं हैं साब, काइकू फेंकते?"

मग मोठे रीळ उघडले. अण्णांचे आवडते ते हेच. मुख्य चाकाचे दाते झिजून बोथट झाले होते आणि दांडाही वाकला होता. कारागिराने काही न बोलता ते आमच्यापुढे सरकविले. तसले चाक आता बनत नाही. बंधूंचा चेहरा उतरला.

लहान रिळाचे काम पाच दिवसांत झाले. जुने ग्रीस धुऊन नवे भरले, स्प्रिंग बदलली, खाच पडलेला भाग नवा बसविला आणि नमद्याच्या जागी कार्बन तंतूच्या चकत्या मापाने कापून घातल्या. या चकत्या तापल्या तरी दोरी धक्के न देता सोडतात. पुतण्याला वाढीव बॉलबेअरिंगे आणि रंगीत मूठही हवी होती. ती मी नाकारली. बेअरिंगांची संख्या वाढल्याने रीळ चांगले होत नाही. असतील ती चांगली असावी लागतात. त्याला हल्लीची विणलेली दणकट दोरीही भरावयाची होती. तिलाही माझा विरोध होता. अशी दोरी फारशी ताणली जात नाही, आणि तिचा सारा हिसका चाकांवर येतो. जुन्या रिळाला जुन्या वजनाचीच नायलॉनची दोरी शोभते. मात्र ती नवी हवी, कारण नायलॉन उन्हाने हळूहळू दुबळे होते.

आमच्या शेजारच्या रेसिडेन्सीचेच पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या त्या वास्तूत १९४९ पासून मुलींचे महाविद्यालय भरू लागले. पुढे तिची पार दुर्दशा झाली. तरी भिंतींत जीव होता, म्हणून तिचा जीर्णोद्धार होऊ शकला. आणि तो करताना चुन्याच्या कामाला चुनाच वापरला. जुन्याला त्याच्या प्रकृतीचेच औषध द्यावे लागते. जेथे पायाच खचला असेल, तेथे मात्र रंगरंगोटी व्यर्थ होय.

राहिला प्रश्न मोठ्या रिळाचा. बंधू अजून हट्ट सोडीत नव्हते. त्या रात्री पेटी पुसताना तळाच्या कागदाखाली एक लाकडी चरखी निघाली. ती आजोबांची. बंधूंनी ती बराच वेळ हातात धरली. अण्णांनीही केव्हातरी आपल्या वडिलांची चरखी बाजूला ठेवून नवे रीळ घेतले होते. मात्र जुनी टाकली नव्हती. दुसऱ्या दिवशी बंधू स्वतःच मुलाला घेऊन नवे मोठे रीळ आणावयास गेले.

आपल्याही घरी एखादे शिवणयंत्र, एखादा पंखा असाच निकालाची वाट पाहत असेल. वाचकहो, त्याचे वय पाहू नका आणि त्याच्यावरील मायाही क्षणभर बाजूला ठेवा. आधी ते उघडा. भार वाहणारा भाग धड असेल तर खुशाल खर्च करा. नसेल तर नवे घ्या, आणि जुन्याला पेटीत मानाची जागा द्या. आमच्या पेटीत आता आजोबांची चरखी आणि अण्णांचे रीळ शेजारी शेजारी आहेत.