वासराच्या दुधाची डिग्री

दूध संस्थेच्या दारात सकाळी उभे राहिले की एक दृश्य हमखास दिसते. शेतकऱ्याने किटलीतून आणलेले दूध ओतून घेण्याआधी त्यातले थोडे यंत्राकडे जाते. फॅट किती, डिग्री किती, हे चिठ्ठीवर उमटते आणि त्या चिठ्ठीवर दर ठरतो. फॅट जराशी कमी लागली की पैसे कापले. संध्याकाळी पुन्हा तेच. या काटेकोरपणाबद्दल माझी तक्रार नाही. आयुष्यभर बँकेत आकडे जुळवलेल्या माणसाची ती असूही नये. पण याच शेतकऱ्याची गाय वासरू मागे ठेवून मेली आणि त्या पोरक्या जिवासाठी त्याने दूधभुकटीची पिशवी विकत आणली, तर ती पिशवी कोणत्या यंत्राखालून जाते? त्याच्या गावात तरी कोणत्याच नाही.

पूर्वी आपल्या रत्नागिरीकडे असा प्रसंग आला की शेजारच्या गोठ्यातली गाय किंवा शेळी उपयोगी पडे. आता वाडीत गोठेच मोजके उरले. आपली कोकण कपिला तर अंगाने लहान आणि दुधाला बेताची. तिचे स्वतःचे वासरू भागवून दुसऱ्याला पाजायला उरते किती? घाटावरून आंबा घाट उतरून येणाऱ्या पिशवीतल्या दुधावर माणसांचीच चहाची सोय होते, तिथे वासराच्या वाट्याला भुकटी येणे ओघानेच आले. २०२२ साली लम्पीच्या साथीत महाराष्ट्रात हजारो जनावरे दगावली. सरकारने भरपाई जाहीर केली : दुधाळ जनावराला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार. ही सारी मेलेल्यांची किंमत. आई गेलेल्या जिवंत वासराच्या दुधाचा खर्च ज्याचा त्याने पाहायचा होता.

या भुकटीला ‘मिल्क रिप्लेसर’ म्हणतात. चांगल्या भुकटीत साय काढलेल्या दुधाची पावडर, चीज करताना निघणारे निवळीचे पाणी वाळवून केलेली पावडर, स्निग्धांश, क्षार आणि जीवनसत्त्वे असतात. स्वस्तात करायची तर दुधाच्या जागी सोयाबीनचे पीठ येते. पिशवीवर ‘प्रथिने २० टक्के’ दोन्हीकडे छापता येते आणि दोन्हीकडे ते खरेही असते. फरक वासराच्या पोटात पडतो. पहिले तीन आठवडे त्याला वनस्पतीचे प्रथिन नीट पचत नाही, पिष्टही पचत नाही. त्याचे चौथे पोट दूध विरजण्यासाठीच घडलेले असते. चीज करणारे ज्या रेनेटने दूध गोठवतात, ते मुळात वासराच्याच पोटातले. चुकीची भुकटी गेली की हगवण लागते, डोळे खोल जातात आणि दोन-तीन दिवसांत खेळ आटोपतो. मालक म्हणतो, आईविना जगले नाही. पिशवीवर संशय क्वचितच कोणी घेतो.

आणि ते २० टक्के तरी मोजतात कसे? प्रयोगशाळेतल्या जुन्या पद्धतीत प्रथिन थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजतात आणि त्यावरून प्रथिनाचा हिशेब मांडतात. आमच्या भाषेत सांगायचे तर रोकड न मोजता नुसती पावती पाहून शिल्लक धरायची. या फटीतून काय शिरू शकते ते जगाने पाहिले आहे. २००७ साली अमेरिकेत कुत्र्या-मांजरांचे मूत्रपिंड निकामी होऊ लागले. त्यांच्या खाद्यातल्या, चीनहून आलेल्या मालात मेलामाइन निघाले. त्याच्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग नायट्रोजनच, त्यामुळे चाचणीत प्रथिने भरघोस. पुढच्याच वर्षी तेच मेलामाइन चीनमध्ये तान्ह्या मुलांच्या दूधभुकटीत सापडले. सुमारे तीन लाख बाळे आजारी पडली, सहा दगावली. भारताने सप्टेंबर २००८ मध्ये चिनी दुधाच्या पदार्थांची आयात बंद केली. मुक्या जनावरांनी वर्षभर आधी दिलेली ती सूचना मात्र वायाच गेली होती.

घरच्या घरी थोडेफार पारखता येते. भुकटी फिकट, सायीच्या रंगाची हवी. तांबूस झाली असेल तर ती जादा तापली आहे. खवट खोबरे ओळखायला कोकणातल्या बाईला कोणी शिकवावे लागत नाही. तेच नाक इथे वापरावे. हाताला सोसेल अशा गरम पाण्यात ढवळून काचेच्या पेल्यात दहा मिनिटे ठेवावी. तळाला गाळ बसला किंवा वर तेलाचा तवंग आला तर माल बरा नाही. थोडे निववून त्यात टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकावा. निळे झाले तर पीठ मिसळले आहे. पिशवीवर तंतूचा आकडा छापलेला असेल तर तोही पाहावा. दुधात तंतू नसतो, म्हणून तो जितका जास्त तितका वनस्पतीचा वाटा मोठा. आणि आपल्या आषाढातल्या दमट हवेत उघडी पिशवी आठवडाभरात गोळे धरते. कारखान्यातून चांगली निघालेली भुकटीही इथल्या फळीवर बिघडते. मेलामाइन मात्र यातल्या कशानेच कळत नाही.

चिकाची जागा तर कोणतीच भुकटी घेत नाही. रोगाशी लढण्याचे बळ वासराला चिकातून, तेही पहिल्या दिवसातच मिळते. खरवस मलाही आवडतो. पण वासराचे पोट भरल्यावर उरेल त्याचाच.

१९८० च्या दशकात एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली आम्ही म्हशींसाठी कर्जे दिली. म्हशीची किंमत, पशुवैद्यकाचा दाखला, कानातल्या विम्याच्या बिल्ल्याचा नंबर, सारे फायलीत असे. बिल्ला नाही तर दावा नाही. तिच्या पायाशी उभ्या पारडाला मात्र आमच्या कागदात रकाना नव्हता. चार वर्षांनी तेच त्या घरची म्हैस होणार, हे ठाऊक असूनही.

कायद्यातही तो रकाना नाही. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने अन्नाच्या व्याख्येतून पशुखाद्य वगळले आहे. तेव्हा अन्न निरीक्षकाने ही पिशवी तपासावी असे म्हणण्यात अर्थ नाही. पण ज्या संस्था सभासदांना ही पिशवी विकतात, त्यांना कोणी अडवले आहे? आलेल्या प्रत्येक लॉटमधली एक पिशवी प्रयोगशाळेत पाठवावी. प्रथिन दुधाचे किती, सोयाबीनचे किती, तंतू किती, मेलामाइन आहे का, हे विचारावे. एका सभासदाला न परवडणारा खर्च शंभरांत वाटला तर जाणवतही नाही. उत्तर आले की ते संस्थेच्या फळ्यावर लावावे. जिथे शेतकऱ्यांना दुधाचे दर वाचायला मिळतात, तिथेच.