पेशींचे अंथरूण

शरीरातून काढलेली पेशी बशीत जगवता येते, हे आता शालेय पुस्तकांतही असते. तिला पोषण कोणते द्यावे, उष्णता किती ठेवावी, याचा शास्त्रज्ञांनी कसून विचार केला. ती कशावर बसते याचा विचार मात्र फार उशिरा झाला. बशी बहुधा पॉलिस्टायरिन या प्लास्टिकची असते. मेंदूची ऊती जेमतेम एखाद्या किलोपास्कलच्या ताठरपणाची. हे प्लास्टिक तिच्याहून दहा लाख पटींपेक्षाही अधिक ताठर. चेतापेशीला खडकावर निजवून तिच्या स्वभावाविषयी अनुमान काढण्यासारखेच हे झाले!

२००६ साली अमेरिकेत अ‍ॅडम एंग्लर, शमिक सेन (हे पुढे मुंबईत पवईच्या आयआयटीत प्राध्यापक झाले) व त्यांचे सहकारी यांनी अस्थिमज्जेतील मूलपेशी निरनिराळ्या ताठरपणाच्या जेलींवर वाढविल्या. पोषण एकच, तरी मऊ जेलीवर त्या चेतापेशींचे, मध्यम जेलीवर स्नायुपेशींचे आणि ताठर जेलीवर अस्थिपेशींचे रूप घेऊ लागल्या.

आकाराचेही तसेच. कोलकात्याचा मिठाईवाला साच्यात दाबून संदेशावर शंख वा मासा उठवितो, त्याच न्यायाने सिलिकॉनच्या चकतीवर प्रकाशाच्या साहाय्याने सूक्ष्म नक्षी घडवून तिच्यावर पातळ सिलिकोन रबर ओततात. ते घट्ट झाले की सोलून घेतात. झाला मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत रेखीव असा लवचिक ठसा. अशा ठशांनी छापलेल्या चिमुकल्या बेटांवर आखडून बसलेल्या रक्तकेशिकांच्या पेशी मरतात आणि ऐसपैस पसरलेल्या जगतात, असे १९९७ साली हार्वर्डमध्ये दिसून आले.

कोलकात्यातही हे काम झाले आहे. जादवपूरच्या भारतीय रासायनिक जीवविज्ञान संस्थेत सुरजित घोष यांच्या गटाने पेप्टाइडांची जेली तयार केली. तिच्यामुळे चेतापेशींच्या तंतूंची वाढ सुधारते, असे त्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केले. हे लहान रेणू पाण्यात आपोआप तंतू विणतात व त्या जाळ्यात पाणी धरून ठेवतात.

अशा कामास संशोधनाची निव्वळ पूर्वतयारी समजणे योग्य नव्हे. प्लास्टिकची बशी स्वस्त, पारदर्शक आणि सर्वत्र सारखी असते, तर जेलीचा प्रत्येक घाणा किंचित वेगळा उतरतो, हा आक्षेप खरा आहे. पण कठीण बशीवर गुणकारी ठरलेले औषध मऊ ऊतीत निष्फळ ठरले, तर वाया गेलेली वर्षे त्या स्वस्ताईत कोण धरतो? प्रयोगाच्या वृत्तान्तात औषधाची मात्रा लिहितात, तापमान लिहितात. पेशींखालील पृष्ठाचा ताठरपणाही किलोपास्कलमध्ये तेथेच लिहिला जावा.