प्राक्तन नव्हे, पेशीतील चुकांचा संचय

कर्करोग म्हणजे प्राक्तनाचा भोग किंवा घराण्याचा शाप, ही समजूत सुशिक्षितांतही अद्याप रुजलेली आहे. विज्ञानाचा निर्वाळा वेगळा आहे. पेशीचे विभाजन होताना तिच्या डीएनएतील सुमारे ६०० कोटी अक्षर-जोड्यांची नक्कल होते. नकलनविसाच्या हातून व्हाव्यात तशा येथेही चुका होतात. बहुतेक चुका पेशी स्वतःच दुरुस्त करते. ज्या उरतात, त्यांना उत्परिवर्तन म्हणतात. एखाद्-दुसऱ्या चुकीने सहसा कर्करोग होत नाही. वाढीला चालना देणारी जनुके बेताल झाली आणि तिला आवर घालणारी ‘पी-५३’सारखी जनुके निकामी झाली, म्हणजे पेशींची वाढ अनिर्बंध होते. हा संचय बहुधा अनेक वर्षांचा असतो. म्हणूनच वयाबरोबर रोगाचा संभव वाढतो. वारशाने आलेल्या दोषाचा वाटा ५ ते १० टक्क्यांच्या आसपासच आहे.

काही चुका निव्वळ योगायोगाच्या, हे खरे. परंतु तंबाखूतील नायट्रोसामाइने शरीरात डीएनएला इजा करून ज्या चुका घडवितात, त्यांना योगायोग कसे म्हणावे? महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली; साधी तंबाखू मात्र राजरोस मिळते. तिच्यावरील कर सरकारी तिजोरीत जातो आणि मुखाच्या कर्करोगाने कर्जबाजारी होते ते रुग्णाचे कुटुंब. शिक्षणसंस्थांपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीस २००३ च्या कायद्याने मनाई आहे. निदान तिची तरी कसोशीने अंमलबजावणी व्हावी. उपचारांपेक्षा हा प्रतिबंध शासनाला आणि समाजाला कितीतरी स्वस्त पडेल.