भंगारवाल्या, पुढे जा!

आमच्या घरात भांडण सहसा खाण्यावरून किंवा पाहुण्यांवरून होतं. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत मात्र ते एका कॉम्प्युटरवरून झालं. 1998 साली मी घेतलेला हा कॉम्प्युटर माळ्यावर असतो. विंडोज 98, आणि पडदा असा की पुढून टीव्ही, मागून हत्ती. सौभाग्यवतींनी तो भंगारात देण्याचा ठराव मांडला आणि चिरंजीवांनी अनुमोदन दिलं. चिरंजीव हिंजवडीत कॉम्प्युटरच्याच नोकरीत आहेत. म्हणजे घरचाच वैद्य म्हणतो, पेशंट गेला!

भंगाराशी माझं वैर नाही. भोसरी एमआयडीसीतल्या एका टूलरूममध्ये मी चौतीस वर्षं काढली. कुदळवाडीतली भंगाराची दुकानं मला अष्टविनायकासारखी पाठ होती. 2025 च्या फेब्रुवारीत महापालिकेने तिथली गोदामं पाडली, तेव्हा कायदेशीर काय ते कायदा जाणे, पण मला गावातलं म्युझियम गेल्यासारखं वाटलं. माझं भांडण आहे ते ‘भंगार’ कशाला म्हणायचं, हे ठरवणाऱ्यांशी.

आमच्या टूलरूममध्ये एक नियम होता. गाडीचं मॉडेल बंद झालं तरी तिच्या डाया मोडायच्या नाहीत. तेल लावायचं, पाटी अडकवायची, रॅकवर ठेवायच्या. कारण मॉडेल बंद होतं, गाड्या बंद होत नाहीत. कुठल्या तरी तालुक्यात कुणी तरी त्याच गाडीवरून दूध घालत असतो आणि एक दिवस त्याला मडगार्ड लागतं. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या हेल्परलाही हे कळतं. कॉम्प्युटरवाल्यांना का कळू नये?

आता मुद्द्यावर येतो. माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीला होता. 1999 साली त्याने जिओसिटीजवर घरच्या पाककृतींचं एक पान केलं. जिओसिटीज म्हणजे इंटरनेटवरचं निगडी प्राधिकरणच. फुकट प्लॉट मिळायचा, वस्तीचं नाव आणि घर नंबर असा पत्ता असायचा. भावाला जागा मिळाली ‘नापा व्हॅली’ वस्तीत. ही खाण्यापिण्याची वस्ती, त्यातही पिण्याचीच जास्त. तिथे त्याने आमच्या आईची पुरणपोळी नेऊन ठेवली! आई फोनवर सांगायची, हा मिनिटाचे पैसे मोजत टाइप करायचा. आई 2004 मध्ये गेली, तो 2011 मध्ये. त्याआधीच, 2009 च्या ऑक्टोबरात, ती सगळी वसाहत बंद झाली होती.

ते पान कुठे तरी शिल्लक आहे, हे मला आकुर्डीत इंजिनिअरिंग शिकणाऱ्या भाच्याने सांगितलं. सॅन फ्रान्सिस्कोत ब्रूस्टर केल नावाच्या गृहस्थाने 1996 मध्ये ‘इंटरनेट आर्काइव्ह’ काढलं. जगभरची पानं हे लोक जपून ठेवतात आणि 2001 पासून ती कोणालाही पाहता येतात.

“मग आपल्या जुन्या यंत्रावर बघू,” मी म्हणालो.

“मामा, प्रॉक्सी लावावी लागेल.”

प्रॉक्सी म्हणजे दांडी मारलेल्या मित्राची हजेरी, एवढंच मला ठाऊक. पण हीही जवळपास तशीच. आजची संकेतस्थळं कुलूपबंद भाषेत बोलतात आणि 1998 च्या ब्राउझरला त्या कुलपाची किल्ली माहीत नाही. म्हणून मध्ये पंजाएवढा एक कॉम्प्युटर बसवायचा. तो सरकारी कचेरीतल्या शिपायासारखा. साहेबाशी तुम्ही बोलायचं नाही. शिपायाला साल सांगायचं, चिठ्ठी द्यायची, आतली फाइल तो बाहेर आणतो. ब्राउझरला वाटतं, अजून 1999 च चालू आहे. आमच्या काही वर्गमित्रांनाही तसंच वाटतं, पण त्यांना प्रॉक्सी लागत नाही.

चिरंजीव म्हणाले, “बाबा, एवढा खटाटोप कशाला? हे सगळं मोबाइलवर दिसतं.”

दाखव म्हटलं. त्याने दाखवलं. पान उघडलं आणि त्यावर रोमन अक्षरं, कंस, अर्धविराम आणि टक्क्यांची चिन्हं यांची मिसळ! मराठी औषधालाही नाही.

याचं कारण ठाऊक असलेले लोक आता कमी होत चालले आहेत, म्हणून सांगतो. त्या काळी मराठी लिहायची म्हणजे फाँट हवा. ‘शिवाजी’, ‘शुषा’, सी-डॅकचा ‘योगेश’ अशी घराणी होती आणि प्रत्येकाची गायकी वेगळी. यंत्राच्या पोटात इंग्रजी अक्षरच असायचं, फाँट त्याला मराठी अंगरखा घालायचा. अंगरखा काढला की मावळ्याच्या आत साहेब! युनिकोड रुळल्यावर हे सोंग संपलं, ते उत्तमच झालं. पण नव्या घरात जाताना जुन्या घराच्या किल्ल्या कोणी नाल्यात टाकतं का?

“कन्व्हर्टर असतात, बाबा.” असतात. चिरंजीवांनी लावलाही. पण भावाचा फाँट त्याच्या यादीत नव्हता, म्हणून भावकीतला दुसरा धरला. वेलांट्या शेजाऱ्याच्या डोक्यावर गेल्या, रफार परागंदा झाले आणि पुरणपोळीत दोन वाट्या ‘ङळ’ घालायची सूचना आली.

माझं म्हणणं एवढंच आहे. पानं त्या अमेरिकन गृहस्थांनी ठेवली. ती वाचता येतील एवढं बघणं तरी आपलं काम आहे की नाही? ज्यांनी फाँट केले त्यांनी कोणत्या खुणेला कोणतं अक्षर, याचा तक्ता उघड्यावर ठेवावा. महापालिकेच्या एखाद्या वाचनालयात एक जुना कॉम्प्युटर, त्यात सगळे जुने फाँट आणि शेजारी तो पंजाएवढा शिपाई, एवढं बसवायला काय लागतं? उद्घाटनाच्या कोनशिलेला याहून जास्त खर्च येतो.

तर माळ्यावरून हत्ती उतरवला. भाच्याने शिपाई बसवला, 1999 साल सांगितलं. पान वरून खाली हळूहळू उतरलं. पिवळ्या पार्श्वभूमीवर हिरवी अक्षरं. भावाला रंगाचं कधीच कळलं नाही. पण अक्षरं मराठी, आणि बोलणं आईचं: “पुरण शिजलं की त्यात उलथनं उभं राहिलं पाहिजे. पडलं तर अजून घोट, गप्पा मारू नकोस.” वर आईचा फोटो असायचा. तिथे चौकट आणि चौकटीत लाल फुली. फोटो काही आर्काइव्हवाल्यांच्या हाती लागला नव्हता.

सौ. मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, “जायफळ किती म्हणतायत सासूबाई?” आणि कागद आणायला गेल्या.

चिरंजीव बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “तो फाँट मला हवाय.” पेनड्राइव्ह लावला, तर विंडोज 98 ने त्याच्या ड्रायव्हरची तबकडी मागितली. तारेने जोडून पाहिलं, तर नव्या लॅपटॉपला जुन्याशी शेजारधर्म मान्य नाही. राहिली फ्लॉपी. ती माझ्याकडे डबाभर आहेत, पण ती वाचणारा ड्राइव्ह हिंजवडीतल्या त्यांच्या अख्ख्या ऑफिसात कोणाकडे नाही.

शेवटी तो मिळाला, आमच्या गल्लीत दर रविवारी ओरडत येणाऱ्या भंगारवाल्याकडे. पाचशे रुपये सांगितले त्याने. चिरंजीव घासाघीस करू लागले, तर म्हणाला, “घ्या दादा, जुना माल आहे. आता मिळत नाही.”